आखाजीचं गाणं चेलोवर

तर काल मी तुम्हाला लोटूच्या रिक्षापाशी आणून सोडलं होतं. नानपुऱ्याहून निघालेली रिक्षा, पुढे लोटू, मागे मी आणि माझी नात नूतन, आणि आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा तो भलामोठा काळा पेटारा. आत चेलो. व्हायोलिन असतं ना, हनुवटीखाली धरायचं, त्याचाच हा थोरला भाऊ समजा. पण इतका थोरला की खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांच्या मधे उभा धरावा लागतो. पेटाऱ्याचं एक टोक रिक्षातून हातभर बाहेर आलेलं. उधना दरवाज्यापाशी पोलिसाने हात केला.

"शुं छे आमां?"

लोटू आमचा शेजारी. तीस वर्षं सुरतेत रिक्षा चालवतो आणि तीस वर्षांत त्याने कुणाला सरळ उत्तर दिलेलं मला आठवत नाही. म्हणाला, "साहेब, नवरी छे. पारशीणबाईंनी कन्यादान केलंय, आम्ही घेऊन चाललो."

पोलिसाने पेटारा उघडायला लावला, आत वाकून बघितलं, तारेवर एक बोट मारलं. घुंऽऽ असा आवाज आला तसा तो दचकून मागे सरकला आणि म्हणाला, "जाव, जाव."

डिंडोलीत आमच्या सोसायटीच्या दारात उतरलो, तर ओट्यावरच्या बायका पदर सावरून उभ्याच राहिल्या. एक जण जवळ येऊन हळूच विचारते, "आबा, काय व्हयनं हो? कोन गयं?" लांबी तेवढीच होती, त्यांचा तरी काय दोष! मी भर रस्त्यात ओरडलो, "कोणी गेलं नाही बायांनो, वाद्य आहे!" त्या दिवसापासून लोटू चेलोला 'नवरी' म्हणतो.

आता ही नवरी आमच्या घरी आली कशी, ते सांगतो. माझी सून उज्ज्वला नानपुऱ्यात फ्रेनीबाई नावाच्या एका पारशी बाईंकडे स्वयंपाकाला जायची. फ्रेनीबाई एकट्या. आयुष्यभर मुलांना चेलो शिकवला, आता शिकायला कुणी येत नाही. नूतन अकरा वर्षांची होती, शाळेला सुट्टी, म्हणून आईसोबत गेली. आई पोळ्या लाटतेय आणि ही दाराआड उभी. तीन दिवस उभी राहिली. चौथ्या दिवशी बाईंनी आतून हाक मारली, "ऊभी केम छे? बेस." बसली ती बसलीच. पहिला महिना नुसता गज धरायला शिकवला, गज म्हणजे तारांवर ओढायची ती काठी. मी विचारलं, "काय शिकलीस?" तर म्हणे, "काठी धरायला." मी म्हटलं, चला, म्हातारपणी मला उपयोग होईल.

बारा वर्षं झाली त्याला. फ्रेनीबाईंची बोटं आता वाकडी झाली, तार दाबली जात नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपला चेलोच हिला देऊन टाकला. दारापर्यंत सोडायला आल्या आणि मला म्हणाल्या, "मगनभाई, संभालीने लई जजो. मारी डीकरी छे." डीकरी म्हणजे लेक. लोटूने ते कन्यादान काही हवेतून काढलेलं नव्हतं.

नूतन तशी चारचौघींसारखीच मुलगी. तेवीस वर्षांची, चष्मा, बोलायला कमी. बमरोलीत भरतकामाच्या कारखान्यात पंचिंग करते. पंचिंग म्हणजे साडीवरच्या नक्षीतला एकेक टाका संगणकावर बसवायचा, मग मशीन तसं शिवतं. एक टाका चुकला तर हजार साड्यांवर तो चुकतो. म्हणून तिची नजर बारीक आणि स्वभाव चिकट. हा चिकटपणा माझ्याकडून गेलाय असं मी म्हणतो, आणि आमची सरलाबाई, म्हणजे माझी बायको, म्हणते की तो तिच्याकडून गेलाय. मी सातवी पास, लिंबायतला पॉवरलूमवर मास्तर होतो. शिकवणारा मास्तर नव्हे, बिघडलेला माग नीट करणारा. दोनशे मागांच्या खडखडाटात कुठला माग चुकीचा बोलतोय, ते मी दारातून सांगायचो. एवढीच आमच्या घराण्याची संगीताची परंपरा.

फ्रेनीबाईंकडे जुन्या तबकड्यांचं एक खोकं आहे. त्यात चेलोवर वाजवलेली लोकगीतं. कुठल्या कुठल्या देशांची: मेंढपाळांची, कोळ्यांची, पाळण्याची. शब्द नाहीत, नुसता चेलो, तरी कळतं की इथे कुणी वल्हं मारतंय, इथे कुणी लेकराला थोपटतंय. नूतनला त्याचं वेडच लागलं. मग फोनवर शोधायला लागली. जपानचं सापडलं, रशियाचं सापडलं, बंगालचंसुद्धा सापडलं. एका रविवारी तिने आमच्या खानदेशाचं शोधलं. अहिराणी म्हटलं की डीजे लागायचा. अख्खी दुपार शोधत होती आणि अख्खी दुपार घर हादरत होतं. शेवटी सरलाबाई म्हणाली, "बंद कर ते. तुला आपलं गाणं पाहिजे ना? मी मेले का?"

आणि तिने आखाजीचं गाणं म्हटलं.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात आणि गातात. सरलाबाईंच्या माहेरचं गाणं असं:

झोका गया वर, दिसनं मन्हं माहेर,
झोका उना खाले, आडं उनं सासर.

झोका वर गेला की पोरीला लांबवर आपलं माहेर दिसतं, खाली आला की मधे सासर येतं. बस, एवढंच गाणं. पण बाया ते तासभर गातात.

नूतनने ते फोनवर टिपून घेतलं आणि चेलोवर बसवलं. कागदावर कसं लिहायची, माहीत आहे? फ्रेनीबाईंनी पाच रेघांवर लिहायला शिकवलेलं, पण हे गाणं तिने नक्षीच्या चौकटींच्या कागदावर उतरवलं, एक चौकट म्हणजे एक मात्रा. तो कागद मलासुद्धा वाचता यायचा! मी बोट फिरवायचो आणि म्हणायचो, "इथे उचललंय, इथे सोडलंय." ती माझ्याकडे बघून हसायची. सत्तर वर्षांच्या माणसाला आणखी काय पाहिजे?

तिचं ठरलं होतं: आखाजीचं गाणं चेलोवर कुणीच वाजवलेलं नाही, तर पहिलं आपलं असेल. जगातल्या त्या बाकीच्या गाण्यांच्या शेजारी तेही ठेवायचं, म्हणजे पुढे कुणी शोधलं तर सापडेल. आणि आधी आपल्या बायकांसमोर वाजवायचं.

मागच्या वर्षी आखाजीला सोसायटीच्या पटांगणात मांडव घातला, पाच वाजता बायका जमल्या. नूतनने वाजवलं. काय टाळ्या, काय गंमत! बायकांनी ठेका धरला, लोटू मधे येऊन नाचला. मी छाती काढून उभा. तेवढ्यात बघतो तर पुढच्या रांगेतली सरस्वतीबाई उठली आणि पाणी प्यायला गेली. ती परत आलीच नाही.

ही सरस्वतीबाई ऐंशीच्या पुढची. सारी हयात गावात गेली, मुलाकडे सुरतेत येऊन पाचच वर्षं झाली. नूतन तिच्या घरी गेली, मीही मागोमाग. नूतनने विचारलं, "सरूआजी, आवडलं नाही का?"

म्हातारी म्हणाली, "पोर, वाद्य गोड शे तुन्हं. पन हाई झोकानं गानं शे ना? मंग झोका कथा गया?"

झोका कुठे गेला! मला राग आला. मी म्हटलं, "अहो, पन्नास बायकांनी टाळ्या दिल्या." तर म्हणते, "टाया तर माकडवालालेबी देतंस."

घरी आल्यावर नूतनने फोन हातात घेतला. फोनवर टाकायचं म्हणून जे वाजवून ठेवलं होतं ते तिने पुसून टाकलं. मी म्हटलं, "अगं, एका म्हातारीसाठी?" ती म्हणाली, "आबा, पहिलंच चुकीचं गेलं तर पुढचे सगळे तेच चुकीचं वाजवतील." पंचिंगवाली पोरगी! एक टाका चुकला की हजार साड्या.

पण बरोबर काय, ते सांगणार कोण? सरस्वतीबाईंना गाऊन दाखवा म्हटलं, तर दम्याने तिला दोन ओळींच्या पुढे जाता येईना. तेव्हा मला आठवली ती कॅसेट. सुरतेत कमावलेल्या पहिल्या बोनसवर मी टेपरेकॉर्डर घेतला होता आणि आखाजीला सासुरवाडीला नेऊन बायकांची गाणी भरली होती. लग्नाला दोन वर्षं झालेली, मी जावई, सगळ्या गावात माझाच रुबाब. ती कॅसेट आणि तो टेप मेहुण्याकडे, गजेंद्रकडेच राहिला.

मी, सरलाबाई आणि नूतन, तिघांनी उधन्याहून गाडी पकडली, अमळनेरला उतरलो, तिथून बस. गजेंद्रने टेप जपून ठेवलेला, आमच्यासाठी नवा पट्टा बसवून आणलेला. कॅसेट लावली आणि गाणं सुरू झालं... पण कसं? एकदम संथ. जड. जशी म्हैस पाण्यातून निघतेय.

मी जन्मभराचा माग दुरुस्त करणारा. यंत्र संथ चाललं तर यंत्रातच खोट, हे माझ्या हाडात बसलेलं. म्हटलं, "पट्टा ढिला बसवलाय." गजेंद्र म्हणतो, "भाऊजी, दुकानदाराने तपासून दिलाय." मी म्हटलं, "दुकानदाराला काय कळतं?" डिसमिस, म्हणजे स्क्रू पिळायचा, माझ्या खिशात असतोच. टेप उलटा केला, पाठ उघडली. मोटरच्या मागे एक बारीक छिद्र, आत एक चिमुकला स्क्रू. तो पिळला की मोटर पळते. थोडा पिळला, थोडा आणखी पिळला, सरलाबाईंना म्हटलं, "तू गा," आणि तिच्या गाण्याशी टेपचं गाणं जुळेपर्यंत पिळत राहिलो. जुळलं! नूतनने ते फोनवर भरून घेतलं. एवढंच ती म्हणाली, "आबा, आजीचा आवाज फारच बारीक येतोय."

मी म्हटलं, "अगं, एकोणीस वर्षांची होती तेव्हा! तुला काय वाटतं, अशीच होती?"

सरलाबाई पदराआड लाजली. गजेंद्रच्या बायकोने शेवयांची खीर वाढली आणि आम्ही विजयी होऊन सुरतेला परतलो. सरस्वतीबाईंची खोड मोडली, असं मी गाडीतल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं.

महिनाभर नूतन त्या कॅसेटबरोबर वाजवत होती. कामावरून आली की हात-पाय धुऊन बसायची. पण सूर जमेना. चेलोची तार कितीही पिळली तरी कॅसेटचा सूर भलतीकडेच लटकलेला. मग एका संध्याकाळी तिने मला हाक मारली.

"आबा, हे ऐका. गाण्याच्या आधी कुणीतरी बोलतंय."

फोनमधून चिमणीसारखा आवाज: "हॅलो, हॅलो, आज आखाजी."

"कुणाचा आवाज?" ती म्हणाली.

"असेल कुणी बारकं पोर."

"हे तुम्ही आहात."

मी म्हटलं, "हट्! मी असा बोलत होतो?" पण सरलाबाई हसून हसून भिंतीला टेकली. शब्द माझेच होते. नवा टेप घेतला की प्रत्येक मर्द हेच बोलायचा. नूतन हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही स्क्रू किती पिळला होता?"

मग तिने काय केलं ऐका. मला समोर बसवलं. म्हणाली, "बोला, हॅलो, हॅलो, आज आखाजी." मी बोललो. तिने फोनमधला वेग थोडा कमी केला. "पुन्हा बोला." पुन्हा बोललो. आणखी कमी केला. शेजारची पोरं खिडकीत येऊन बघायला लागली, हा म्हातारा वैशाख नाही की काही नाही आणि 'आज आखाजी' करत बसलाय. वीस-पंचवीस वेळा बोललो असेन. हळूहळू चिमणीचा पोपट झाला, पोपटाचा माणूस झाला आणि शेवटी फोनमधून मीच बोललो. माझाच आवाज, अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा, नाकातला.

"आता हा वेग खरा," नूतन म्हणाली आणि गाणं सोडलं.

तेच संथ गाणं. गजेंद्रच्या घरी पहिल्यांदा ऐकलं होतं तेच. टेप शहाणा होता, बिघाड माझ्यात होता. आणि आता, वेग उतरल्यावर, गाण्याच्या मागे एक आवाज ऐकू यायला लागला. कर्रऽऽ... मग काही नाही... मग पुन्हा कर्रऽऽ. पळत्या गाण्यात तो नुसती खरखर वाटत होता.

सरलाबाई उठून जवळ आली. म्हणाली, "निंबाच्या फांदीला दोर घासतोय."

झोका! बाया झोक्यावर बसून गात होत्या. झोका वर गेला की टोकाला क्षणभर थांबतो, तेवढ्यात गाणंही थांबायचं. त्या थांबण्यातच तर पोरीला माहेर दिसायचं. आणि सरलाबाईंच्या गाण्यात ते थांबणं कुठे गेलं? मी सांगतो कुठे गेलं. लिंबायतला अठ्ठावीस वर्षं आमची खोली आणि मागांचा कारखाना यांच्यामधे एकच भिंत. खटाक-खटाक, खटाक-खटाक, दिवसा-रात्री. तिथे झोका बांधायला झाड नव्हतं. बाया आखाजीला खोलीत बसून गायच्या, आणि गाणं मागाच्या ठेक्यात शिरलं. माग टोकाला थांबत नाही. थांबला तर माझ्यासारखा कुणीतरी डिसमिस घेऊन धावतो. त्या वस्तीतल्या सगळ्या बायकांचं गाणं तसंच झालं, कुणाला कळलंही नाही, आणि त्याच बायका पुढे आमच्याबरोबर डिंडोलीच्या सोसायटीत राहायला आल्या. सरस्वतीबाई तेवढी मागांच्या बाहेरची.

सरलाबाई जरा फणकारली. "म्हणजे मी चुकीचं गात होते?"

नूतन म्हणाली, "चुकीचं नाही, आजी. ते लिंबायतचं गाणं. हे तुझ्या माहेरचं."

तिने चौकटींचा नवा कागद घेतला. प्रत्येक ओळीच्या वरच्या टोकाला तीन चौकटी कोऱ्या सोडल्या. मला म्हणाली, "भरतकामात याला जंप म्हणतात, आबा. सुई पुढे जाते, पण टाका पडत नाही." त्या कोऱ्या चौकटींत गज तारेवरून उचलायचा नाही, नुसता दाब काढून हवेत लटकल्यासारखा धरायचा, आवाज विरत जाऊ द्यायचा. दिसायला सोपं. तेवढंच शिकायला तिला चार महिने लागले. फ्रेनीबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "जल्दी शुं छे?"

या वर्षीची आखाजी आली. तोच मांडव, त्याच बायका, सरस्वतीबाई पुढच्या रांगेत, आणि एका बाजूला खुर्चीवर खास नानपुऱ्याहून आणलेल्या फ्रेनीबाई. लोटूने फोन काठीला बांधून समोर उभा केला, कारण नूतनने सांगितलं होतं: आज बरोबर आलं तर हेच टाकायचं, नाही तर पुन्हा पुढच्या आखाजीला. ती खुर्चीत बसली, चेलो गुडघ्यांत धरला, गज ठेवला.

पहिली ओळ वर चढली आणि पन्नास बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. तोच, मागाचा! वर्षानुवर्षांची सवय हो. खटाक-खटाक. मी मनात म्हटलं, संपलं. एकटी पोरगी, पन्नास जणींच्या हातांपुढे काय टिकणार? नूतनने मान वर केली नाही. ओळ टोकाला गेली आणि तिने गज थांबवला. टाळ्या पुढे पळाल्या. एक, दोन, तीन टाळ्या रिकाम्या पडल्या, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागे कुणीतरी म्हणालंसुद्धा, "विसरनी का काय?" तेवढ्यात चेलो खाली उतरला, सावकाश. पुन्हा वर. पुन्हा थांबला. पुन्हा टाळ्या घसरल्या. घाई तिने केली नाही, बायकांकडे रागाने बघितलंही नाही. तिसऱ्या वेळी सगळ्यांत आधी टाळी कुणी सोडली सांगू? आमच्या सरलाबाईंनी. हात मांडीवर ठेवले आणि अंग हलायला लागलं, पुढे, मागे. मग तिच्या शेजारची. मग पूर्ण रांग. टाळी एकही नाही, मांडवभर बाया झुलताहेत आणि मधे तो चेलो, घुंऽऽ करत वर जातोय, टोकाला थांबतोय.

आणि मग सरस्वतीबाईंनी तोंड उघडलं. दमेकरी बाई, दोन ओळींच्या पुढे न जाणारी. पण झोका टोकाला थांबायचा ना, तिथे तिला श्वास घ्यायला जागा होती. ती गात गेली. 'दिसनं मन्हं माहेर' म्हणताना मान वर करून मांडवाच्या पलीकडे बघत होती, उधन्याच्या पाण्याच्या टाकीकडे. तिला तिथे काय दिसलं, ते तिलाच माहीत. लोटूसारखा लोटू, फोनची काठी दोन्ही हातांनी धरून उभा.

मी रडलो का? मी माग दुरुस्त करणारा माणूस, माझ्या डोळ्यांत सुताचे कण जायची सवय आहे.

गाणं संपलं तेव्हा बायकांनी नूतनला गराडाच घातला. फ्रेनीबाई खुर्चीवर बसून प्रत्येकीला सांगत होत्या, "मारी छे, मारी छोकरी छे," आणि मी प्रत्येकीला सांगत होतो, "नात माझी." आमच्या दोघांत भांडणच व्हायचं बाकी होतं. तेवढ्यात सरस्वतीबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली, नूतनच्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाली, "पोर, मांगला साले मी तुले बोलनू, तुले राग उना व्हता ना?"

नूतनने गज खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "आला होता, सरूआजी, खूप आला होता. त्याच रागावर वर्ष काढलं. आता दुसरं गाणं बसवायला घेतेय, त्यातही चुकलं तर असंच तोंडावर सांगा."